टोल्युइडीन ब्लूच्या सदोष बाटलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्याकडून जुलैमध्ये घेतलेल्या २५ ग्रॅम टोल्युइडीन ब्लूने (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी वापरायच्या रंगाने) स्लाइड फिकट येते व तिच्यावर कण बसतात, अशी मी दूरध्वनीवर तक्रार केली, तेव्हा ‘मुंबईच्या पावसाळी दमटपणामुळे असे होते’ असे सांगून विषय मिटवण्यात आला. हे उत्तर मला मान्य नसल्याने लेखी कळवीत आहे.

परळ येथील आमच्या प्रयोगशाळेत नर्व्ह बायॉप्सीचे (तपासणीसाठी काढलेल्या मज्जातंतूचे) तुकडे ऑस्मियम टेट्रॉक्साइड या ऊती टिकवणाऱ्या रसायनाच्या प्रक्रियेनंतर इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, बसवून ब्लॉक बनवतो आणि काचेच्या सुरीने काढलेले १ मायक्रॉन जाडीचे सेक्शन (पातळ काप) टोल्युइडीन ब्लूने रंगवतो. इपॉक्सी रेझिनमध्ये पाण्यातला रंग सहजासहजी शिरत नाही, म्हणून १ टक्का बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) द्रावणात १ टक्का रंग घेऊन, गाळून, थेंबाच्या कडेला सोनेरी चकाकी येईपर्यंत स्लाइड हॉटप्लेटवर ठेवावी लागते. एरवी मायलिनची (मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाची) वलये गडद निळी उठून दिसतात; आपल्या रंगाने ती फिकट आली आणि वर मिरपूड भुरभुरावी तसे काळपट कण बसले, तेही द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून दोनदा गाळल्यावर.

दमटपणाचा मुद्दा पडताळण्यासाठी जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेल्या भुकटीचे द्रावण त्याच दिवशी, त्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये केले आणि त्याच ब्लॉकचे लगतचे सेक्शन त्याने रंगवले. ती स्लाइड स्वच्छ आली. पाऊस दोन्ही वेळी सारखाच कोसळत होता. सेक्शन नीट वाळले नसावेत, ही आपल्या प्रतिनिधीची शंकाही टिकत नाही, कारण तसे असते तर सेक्शन सुटून वाहून गेले असते.

बाटलीच्या लेबलावर रंगाची ओळख सांगणारा कलर इंडेक्स क्रमांक ५२०४० आहे, परंतु भुकटीत प्रत्यक्ष रंग किती टक्के हे छापलेले नाही आणि बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्रही सोबत आले नाही. त्यामुळे १ ग्रॅम तोलताना त्यात रंग किती आणि भर किती, हे कळायला मार्ग नाही.

या रुग्णाचा ब्लॉक थोडा शिल्लक होता म्हणून निभावले. पायातून काढलेला सुरल नर्व्हचा तुकडा पुन्हा मागता येत नाही. तरी बाटली आठ दिवसांत बदलून द्यावी, नव्या बाटलीसोबत प्रमाणपत्र पाठवावे आणि याच बॅचचा माल गेलेल्या अन्य प्रयोगशाळांनाही कळवावे. बिलाची प्रत व दोन्ही स्लाइडची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
वरिष्ठ तंत्रज्ञ, परळ, मुंबई