तात्या, त्या कांद्याचा हिशेब राहिलाय

तात्या आणि माई,

तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्यापुढं मोबाइल धरून तुमचा नातू वाचून दाखवील. गावाचं आणि तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. 'आमचं नाव कशाला गाजवायचं' म्हणून तुम्ही रागावला असता, हे मला माहीत आहे. माझे वडील, नाना, तर मला लिहूच नको म्हणत होते. 'बोलून फिटतं का असलं ऋण?' असं त्यांचं म्हणणं. फिटत नाही, कबूल. पण चार वेळा तुमच्या ओसरीवर चहा घेऊनही जे बोलता आलं नाही ते इथं तरी लिहिते.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. आम्ही पारनेर तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं आणि बिऱ्हाड, निघतो. टाकळी ढोकेश्वर, आणे, बेल्हे, आळेफाटा, ओतूर आणि मग माळशेजचा घाट उतरून मुरबाडकडं. कोकणातला पावसाळा आमच्या मेंढरांना सोसत नाही, ओलीत खुरं सडतात. म्हणून मृगाच्या आत घाटावर परत यायचं आणि पाऊस सरला की पुन्हा खाली जायचं. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. लेंडीचं खत त्यांना, आम्हाला धान्य नाहीतर पैसे. तुम्ही सोयाबीन काढलेलं रान उन्हाळी कांद्यासाठी मोकळं ठेवलं होतं आणि नानांना दोन रात्री बसायला सांगितलं होतं. तुमची आमची ओळख एवढीच, दोन रात्रींच्या खताची.

तो 1 डिसेंबर 2021, बुधवार. सकाळपासून सूर्य दिसला नाही. दुपारी भुरभुर सुरू झाली, नाना म्हणाले, जाईल. कार्तिक सरत आलेला, त्या दिवसांत आम्ही पावसाचा विचारच करत नाही. ताडपत्री होती ती पिठाच्या आणि बाजरीच्या पोत्यांवर. अंधार पडल्यावर वारं सुटलं आणि मग जो पाऊस धरला तो थांबायचं नावच घेईना.

लोकांना वाटतं, मेंढराच्या अंगावर लोकर असते, त्याला कसली थंडी? कोरड्या थंडीला मेंढरू खरंच भीत नाही. पण दसऱ्याच्या सुमारास कातरणी झालेली, अंगावर जेमतेम बोटभर लोकर. ती भिजली की कातड्याला चिकटते, आणि वरून वारं लागलं की अंगातली ऊब जाते. आणि मेंढरू पळत नाही. एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून जागच्या जागी उभं राहतं. खालच्या अंगाच्या मेंढरांना तर पाण्यातच उभं राहावं लागलं. बांधाला पाणी तुंबलं होतं आणि काळं रान गुडघाभर चिखलाचं झालं होतं. मेंढरांभोवती लावलेली जाळी, वाघर, भिजून खाली आली. कोकरांवर डालगी पालथी घातली होती, त्यांच्याखालून पाणी वाहायला लागलं. आई एकेक कोकरू उचलून घोड्याच्या पालाणावर ठेवत होती. चूल पेटायचा प्रश्नच नव्हता. एरवी त्या भागात आम्ही रात्रभर बिबट्यासाठी जागे असतो. त्या रात्री बिबट्याची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

दोनच्या सुमाराला बॅटरी दिसली. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी आणि तोंडात शिवी. 'अरे बसलाय काय, उचला तिथनं!' हे तुमचं पहिलं वाक्य, तात्या. नाना म्हणाले, कुठं उचलू? तुम्ही म्हणालात, 'चाळीत.'

कांदा साठवायच्या त्या चाळीचा एक कप्पा रिकामा होता. दुसऱ्यात कांदा होता, भाव वाढेल म्हणून राखलेला. तुम्ही आणि तुमच्या मुलानं मधल्या फळ्या काढल्या आणि कांदा हातांनी एका भिंतीकडं लोटला. एकशे ऐंशी मेंढरं काही एका कप्प्यात मावणार नव्हती. अनोळखी अंधारात मेंढरू शिरत नाही हेही तुम्हाला माहीत नव्हतं. नानांनी सांगितल्यावर तुम्ही आमची म्होरकी शेळी काखेत मारली आणि दारातच चिखलात सपशेल आडवे झालात. शेळी मात्र सोडली नाही. माई ओसरीवरून हसल्या. त्या रात्रीत कुणीतरी हसलं, हे माझ्या लक्षात राहिलंय.

माईंबद्दल काय लिहू? स्वयंपाकघरात चुलीभोवती अकरा कोकरं. जुन्या लुगड्याचे तुकडे करून त्यांनी ती एकेक चोळून कोरडी केली, गुळाचं कोमट पाणी पाजलं. एक कोकरू देव्हाऱ्यापुढंच मुतलं, तर म्हणाल्या, 'असू दे, देवाला काय नवीन आहे?' मोठ्या मेंढरांना तुम्ही सोयाबीनचा भुसा टाकला. पोटात कोरडं पडलं आणि रवंथ सुरू झाला की मेंढराच्या अंगात ऊब येते. नाना बॅटरी घेऊन एकेकीचा जबडा बघत फिरत होते. जिचा हलला तिला सोडायचं, जिचा हलत नाही तिला पोत्यानं चोळायचं. पहाटेपर्यंत आम्ही तेवढंच केलं.

तरी एक्केचाळीस गेली. काही रानातच, बाकीची चाळीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पाऊस तेव्हाही चालूच होता.

बातम्यांत द्राक्षं आली, कांद्याची रोपं आली. मेंढरंही आली, खोटं कशाला बोलू? पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांत ठिकठिकाणी अशीच मेली होती. पण मेल्यानंतरचे दोन दिवस कुणी छापत नाही. मदत हवी तर पंचनामा हवा, शवविच्छेदन हवं, आणि ते होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही. कुत्री राखत आम्ही त्यांच्याशेजारी बसलो होतो. माझा भाऊ चाकणला कामाला. एसटीचा संप चालू होता, तो भाजीच्या टेम्पोत बसून रात्री पोचला. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, तुम्ही इथले रहिवासी का? इथला काही पुरावा आहे का? नाना नुसते उभे राहिले. वर्षातले सात-आठ महिने चालणाऱ्या माणसानं कुठला पुरावा दाखवायचा?

तेव्हा तुम्ही पुढं झालात. 'मेंढरं माझ्या रानात मेली, मी बसवली होती, घाला पंच म्हणून माझं नाव.' सही करताना तुम्ही चष्मा शोधत होता आणि तो तुमच्या कपाळावरच होता.

तेव्हाच्या नियमानं मेंढीमागं तीन हजार रुपये, आणि एका कुटुंबाला तीस लहान जनावरांपुरतेच. पुढं तो आकडा चार हजार झाला. बाजारात गाभण मेंढी तेव्हा दहा-बारा हजारांच्या खाली मिळत नव्हती. आमच्या एक्केचाळिसांतली अकरा सरकारी कागदावर मेलीच नाहीत. तरीही जे मिळालं ते तुमच्या सहीमुळं मिळालं. आमच्यातल्या किती वाड्यांना तेही मिळालं नसेल.

आणि खड्डा. तात्या, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते त्या खड्ड्याचे. एवढी जनावरं ओढ्याकडेला टाकून द्या, असं एकानं सुचवलं होतं. तुम्ही पुतण्याचा जेसीबी बोलावलात आणि स्वतःच्या रानाच्या वरच्या अंगाला, विहिरीपासून लांब, खोल खड्डा घेतलात. मीठ-चुना तुम्हीच आणलात. नानांनी प्रत्येकीच्या कपाळाला भंडारा लावला. एक्केचाळीस वेळा वाकले ते. मधे भंडारा संपला, तर माईंनी घरातली हळद आणून दिली. नाना रडले नाहीत. रडले ते चाकणला फोनवर बोलताना, आठ दिवसांनी, कसल्यातरी भलत्याच गोष्टीवरून.

आता कांद्याचं. मेंढरांनी तो तुडवला, मुतानं भिजवला, आठ दिवसांत सडला. तुम्ही तो उकिरड्यावर ओढून टाकलात, हे मला भावानं नंतर सांगितलं. नानांनी पैशाचं काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'पावसानं भिजून जाणारच होता तो.' तात्या, तुमच्या चाळीचा पत्रा गळत नव्हता. मी रात्रभर त्याच्याखाली होते.

त्या वर्षी तुम्ही बसण्याची बाजरीसुद्धा मोजून दिलीत. 'ठरलं ते ठरलं,' म्हणालात. दोन रात्रींचं खत तुम्हाला मिळालंच नव्हतं, सगळं पाण्याबरोबर बांधाबाहेर गेलं होतं.

मी आता वाड्याबरोबर जात नाही, नगरला नोकरी करते. पण आकाश भरून आलं की नानांना फोन करते, आणि नाना आता भर थंडीतही दोन ताडपत्र्या जास्त घेऊन निघतात. मुक्काम टाकायच्या आधी रानाचा उतार बघतात, खोलगट रानात बसत नाहीत. माईंच्या चुलीपाशी वाचलेल्या कोकरांपैकी सहा माद्या होत्या. चार अजून कळपात आहेत, त्यांची पिलं मोजायची तर नानांनाच विचारावं लागेल.

त्या चौघींची आणि त्यांच्या पिलांची लोकर आईनं दोन कातरण्या बाजूला ठेवली होती. सणगराकडून घोंगडी विणून आणलीय, काळी, बिनरंगाची. वाडा यंदा तुमच्याकडं पोचेल तेव्हा नाना घेऊन येतील. ते काही न बोलता ओसरीवर ठेवतील, तेव्हा मीच सांगून ठेवते. घोंगडी तुमच्या दोघांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. चिंचोक्याच्या खळीमुळं सुरुवातीला कडक लागेल, अंगाला टोचेल. माईंना सांगा, धुवायची नाही, नुसती झटकून उन्हात टाकायची. पांघरून पांघरून मऊ होते.

तुमची,
त्या रात्री चाळीत बॅटरी धरून उभी असलेली पोर