उसन्या पैशांबद्दल बाबांना पत्र

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईशी फोनवर बोलणे झाले. तुमच्या त्या स्नेह्यांनी पैशांचा विषय पुन्हा पुढच्या महिन्यावर ढकलला आणि तुम्हीही ‘माणूस जुना आहे, बुडवणार नाही’ असे म्हणून गप्प बसलात, हे तिच्याकडून कळले. त्यांच्या दानतीबद्दल मला वाद घालायचा नाही. मला काळजी आहे ती मुदतीची.

पैसे परत मागितल्यापासून तीन वर्षे मोजायची, असा तुमचा समज दिसतो. मात्र १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ‘मागाल तेव्हा देतो’ अशा बोलीवर दिलेल्या रकमेसाठीसुद्धा दावा लावण्याची ३ वर्षांची मुदत रक्कम दिल्याच्या तारखेपासूनच सुरू होते. आपली मुदत येत्या मार्चमध्ये संपते. ती संपण्यापूर्वी त्यांनी देणे लेखी कबूल करून सही केली, तर त्या सहीच्या दिवसापासून नवी ३ वर्षे मिळतात. तोंडी ‘देतो की’ कितीही वेळा ऐकले, तरी त्याने एक दिवसही वाढत नाही. थोडी रक्कम परत करायला ते तयार झाले तर जरूर घ्या, परंतु ती या उसनवारीपोटी दिली असे त्यांच्या हातचे सहीनिशी लिहून घ्या.

पासबुकातील नोंदीवरून पैसे त्यांच्याकडे गेले एवढेच सिद्ध होते. ते उसने दिले होते हे सिद्ध होत नाही, आणि उद्या त्यांनी ‘ही तर जुन्या व्यवहाराची परतफेड होती’ असे म्हटले तर आपली पंचाईत होईल. त्यासाठी त्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नका आणि तो फोनही सध्या बदलू नका. (दादाचा नवा फोन घेण्याचा आग्रह तूर्त मनावर घेऊ नये.)

त्यांनी धनादेश देऊ केला तर तारीख व रक्कम त्यांच्याकडूनच भरून घ्या. तो न वटल्यास, बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस असतात आणि तरीही पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. यातली एखादी तारीख हुकली की प्रकरण नाहक अडते.

पोलिसांत जाण्याचा मामांचा सल्ला मला पटत नाही. घेतलेले पैसे परत न करणे हा एरवी दिवाणी मामला असतो. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आले, तरच फौजदारी गुन्हा होतो. वसुलीसाठी ‘ओळखीची माणसे’ पाठवण्याचे तर कोणी सुचवूही नये, कारण त्यात आपणच आरोपी होऊ. त्याऐवजी विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तडजोड झाली, तर तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याइतकेच बळ असते. संबंध टिकावेत ही तुमची इच्छा असल्याने हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो.

मी इथून त्यांना फोन करणे बरे दिसणार नाही. मुलाने परदेशातून तगादा लावला, एवढेच ते लक्षात ठेवतील. कबुलीचा मजकूर सोबत पाठवत आहे. रक्कम आणि तारीख पासबुकावरून भरून या महिन्यातच त्यांची सही घ्या. त्यांनी नकार दिला, तर फेब्रुवारीची वाट न पाहता वकिलांना भेटा.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा