उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: आधी असलेल्या आर्ट कॉलेजांना मास्तर द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी बीएफए अप्लाइडच्या, म्हणजे जाहिरात-ग्राफिकवाल्या कला पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजात. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं एव्हीजीसी-एक्सआर धोरण, म्हणजे अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स असल्या डिजिटल कामांचं धोरण, मंजूर केलं ना, तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ होता, 2050 पर्यंत 3,268 कोटी, दोन लाख नोकऱ्या वगैरे. भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. आता त्या नोकऱ्यांसाठी पोरं जिथे तयार व्हायला पाहिजेत तिथे काय चाललंय ते सांगतो.

प्रवेशाच्या सीईटीला आम्ही ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल सगळं कागदावर दिलं, त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. हात बसायलाच पाहिजे. ज्याला उभ्या माणसाचा तोल कागदावर पकडता येत नाही त्याचं थ्रीडी कॅरेक्टर चालताना हवेत तरंगल्यासारखंच दिसतं, मग सॉफ्टवेअर कितीही महागडं असू दे. गाडी अडते ती पुढे. आमच्या लॅबमध्ये ग्राफिक कार्ड नाही, पेननं थेट कम्प्युटरवर काढायचा पेन टॅबलेट एकही नाही, माऊसनं इलस्ट्रेशन करा म्हणतात. डिजिटलचे सर तासिका तत्त्वावर होते, मानधन कधी येईल त्यांनाच माहीत नसायचं, वर्षाच्या मध्येच ते पुण्याला एका स्टुडिओत गेले, आणि बरोबरच केलं त्यांनी. नंतर त्या विषयाला कोणी आलंच नाही, सबमिशन मात्र झालं, मार्कही पडले, कसे ते विचारू नका.

मग ज्यांच्या घरी पैसे आहेत ती पोरं खाजगी क्लासला जातात, तिथली फी आमच्या कॉलेजच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. बाकीचे फ्लेक्सच्या दुकानात बसतात. मीपण बसतो. कोरलड्रॉवर डिझाइन, श्रीलिपीत मराठी टायपिंग, फोटोचं कटिंग हे सगळं मला तिथे आलं, भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर हात साफ केला. पण तिथे टाइप डिझाइन म्हणजे फॉन्ट बनवणं, मोशन ग्राफिक्स, स्टोरीबोर्ड शिकवणार कोण?

आणि कृपा करून खर्चाचं कारण नको. थ्रीडीचं सॉफ्टवेअर ब्लेंडर फुकट आहे, चित्रं काढायचं क्रिटा फुकट आहे, 2025 ला अॅनिमेशनचं ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची फिल्म ब्लेंडरवरच केलेली आहे. साधा पेन टॅबलेट चार-पाच हजारात येतो. कमी आहे ती शिकवणाऱ्या माणसाची, जो स्वतः काम केलेला आहे आणि पुढच्या वर्षीही असेल अशा माणसाची. आर्ट कॉलेज आणि कम्प्युटरचं नातं काही काल जुळलेलं नाही, विंडोजमध्ये मराठी ज्या मंगल फॉन्टमध्ये दिसायची तो र. कृ. जोशींनी केलेला, ते मुंबईच्या जेजे आर्ट कॉलेजचे, सुलेखनातून तिकडे गेलेले. म्हणजे कागदावरची पोरं स्क्रीनवर कमी पडतात हे तर कोणी सांगूच नये.

मुंबईत आयआयसीटी, म्हणजे याच अॅनिमेशन-गेमिंगसाठीची राष्ट्रीय संस्था, सुरू झाली, गोरेगावला फिल्मसिटीत 10 एकरात त्यांचा कॅम्पस होणार, होऊ दे, चांगलंच आहे. पण परभणी-बुलढाण्याच्या पोरानं तिथली फी भरायची की मुंबईतलं खोलीभाडं भरायचं? त्याच्यासाठी जवळचं आर्ट कॉलेजच खरं.

कला संचालनालय तुमच्याच खात्यात येतं. म्हणून मागणी एवढीच, की सरकारी आणि अनुदानित प्रत्येक आर्ट कॉलेजात डिजिटलसाठी किमान एक पूर्णवेळ पद मंजूर करा आणि ते भरा, नुसतं मंजूर करून फाइलीत ठेवू नका. स्टुडिओत दहा-बारा वर्षं काम केलेल्या लोकांना नेट-सेटच्या अटीत अडकवू नका, पोर्टफोलिओ बघून घ्या. लॅबला टॅबलेट आणि ग्राफिक कार्डवाली मोजकी मशीन द्या, आणि लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवायचं परिपत्रक काढा, कारण रेंडर, म्हणजे कम्प्युटर अॅनिमेशनची शेवटची चित्रं तयार करत असतो ते, अर्धवट असतानाच पाच वाजता शिपाई मेन स्विच बंद करतो.

माझं हे शेवटचं वर्ष आहे, मला याचा उपयोग नाही. ज्युनियर्सची अॅडमिशन जूननंतर सुरू होते, तोपर्यंत निदान पदांची जाहिरात तरी निघावी.

आपला,
अप्लाइडचा एक विद्यार्थी