खाकीच्या आतलं मनही बघा

शेतकरी आत्महत्येच्या पंचनाम्याला पोलीस जातो, फास सोडवून देह खाली घेतो, घरच्यांचा आक्रोश ऐकतो आणि संध्याकाळी पुन्हा बंदोबस्ताला उभा राहतो. माझा धाकटा भाऊ हवालदार आहे. परवा रात्री ड्यूटीवरून आला, ताटावर बसला आणि मोडलेली भाकरी हातात धरून तसाच राहिला. विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही गं ताई.’ १०८ रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलातल्या माणसांचंही हेच. ‘टेली-मानस’ या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, पण साहेबांना कळलं तर, या धास्तीने फोन कोण लावणार? मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात खात्याबाहेरचा समुपदेशक नेमा, नाव गुप्त ठेवा आणि अशा पंचनाम्यानंतर एक दिवसाची सुटी हक्काने द्या.

— एक वाचक भगिनी, बीड