धंतोलीच्या डॉक्टर मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिले होते

आदरणीय डॉक्टर मॅडम,

रात्रीच्या ड्यूटीत किती पेशंट येऊन जात असतील, मी आठवेनच असं नाही. पण नागपुरात समुद्रातला प्राणी डसून आलेला माणूस म्हटलं तर आठवेल.

घरच्या मरीन टँकमधला (खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतला) दगड सरकवताना कार्पेट अ‍ॅनिमोन, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, हाताला चिकटलं, नेमकं ग्लोव्ह संपतो तिथे. बोटांची कातडी जाड, तिथे हा प्राणी फारसा जाणवत नाही. मनगटाच्या वरची आतली कातडी मऊ. बघता बघता हात कोपरापर्यंत लाल झाला, टरारून फुगला.

तुमच्याआधी आम्ही एका मोठ्या, चकाचक हॉस्पिटलात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी "काहून भाऊ, मासा चावला का?" म्हणत आधी हसून घेतलं, शेजारच्यांनाही हसवलं. मग हात नळाखाली धरायला लावला आणि स्पिरिटच्या बोळ्याने खसाखसा पुसला. कातडीला चिकटून राहिलेल्या दंशपेशी गोड्या पाण्याने, स्पिरिटने, चोळण्याने आणखी फुटतात, हे नंतर तुमच्याकडून कळलं. म्हणजे पैसे मोजून दुसऱ्यांदा डसवून घेतलं! बिलात ड्रेसिंगही लावलं होतं. ड्रेसिंग झालंच नव्हतं.

तुम्ही हसला नाहीत. "काका, अशी केस मी कधी पाहिलेली नाही. जरा बसा, वाचून घेते," म्हणालात. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि निम्मा धीर मला तिथेच आला. मग मुलाला घरी पिटाळलंत, हात धुवायला टँकमधलं नको, नवीन कालवलेलं मिठाचं पाणी आण म्हणून. पुढचे उपचार इथे लिहीत बसत नाही. लिहायचं आहे ते त्या गरम पाण्याच्या टबाबद्दल.

हे विष प्रथिनांचं, उष्णतेने त्याचा जोर कमी होतो, पण पाणी ४५ अंशांच्या वर जाता कामा नये, असं तुम्ही सांगितलंत. "म्हणजे आपल्या मे महिन्यातली दुपार," हेही तुम्हीच म्हणालात. दुखऱ्या हाताला पाणी किती गरम ते नीट कळत नाही, माणूस भाजून घेतो. म्हणून दर वेळी गरम पाणी ओतलं की तुम्ही आधी स्वतःचं कोपर त्यात बुडवायचा, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. मग मान हलवायचा आणि माझा हात आत घ्यायचा. बाहेर लोक ताटकळत होते, हे काम सिस्टरवर सोपवता आलं असतं. तुमच्या कोटाची बाही भिजली, ती तशीच ओली ठेवून तुम्ही पुढचे पेशंट बघितले. मॅडम, माझ्या आईनंतर माझ्यासाठी असं कोपर कोणी बुडवलं नव्हतं.

दुखणं उतरल्यावर मी घरी जायची घाई करत होतो. तुम्ही बसवून ठेवलंत. अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका, अ‍ॅनाफायलॅक्सिस, पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो याच जातीच्या प्राण्यांचं विष कुत्र्यांना टोचून केलेल्या प्रयोगांत, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे यांना त्या कामासाठी १९१३ साली नोबेल मिळालं, ही गोष्ट तेव्हा सांगितलीत. गोष्ट सांगता सांगता माझ्या श्वासाकडे लक्ष होतं तुमचं, ते मला दिसत होतं.

डिग्र्या त्या साहेबांकडेही होत्या, भिंतभर लावलेल्या. समोरच्याचं दुखणं त्याला दुखतंय म्हणून खरं मानायचं, एवढंच तिथे कमी पडलं. आपल्या गावात अशी माणसं नाहीत असं नाही. सापडेपर्यंत जीव जातो, एवढंच.

श्वास लागला, तोंड सुजलं, लाली पुन्हा वर चढली तर कितीही वाजता या, असं तुम्ही मराठीत लिहून दिलेली चिठ्ठी बायकोने फ्रिजवर लावली आहे. टँकजवळ लाव म्हटलं तर म्हणते, "तुम्हाले दिसून काय उपयोग? मले दिसली पाहिजे."

आपला आभारी,
त्रिमूर्तीनगरचे काका