सहा फुटी बांबूच्या रॉडला १८६ ग्रॅमचे रीळ: बदलून मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मासेमारी साहित्य विक्री विभाग

विषय: बांबूच्या फ्लाय रॉडसोबत ‘जुळवलेले’ म्हणून पाठवलेले रीळ न जुळणे, ते बदलून मिळणे आणि बिल दुरुस्त होणे.

महोदय,

आपल्याकडून मी सहा फुटी, दोन तुकड्यांचा, ३ नंबरच्या दोरीसाठी बनवलेला बांबूचा फ्लाय रॉड (वजनदार दोरीने खोटी माशी फेकून मासे धरायची काठी) घेतला आणि सोबत ‘याच रॉडसाठी खास जुळवलेले’ असे लिहून विकलेले रीळही घेतले. रॉडबद्दल माझी काहीएक तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सहा पट्ट्या चिकटवून केलेली काठी आहे, पण बोट फिरवले तरी सांधा लागत नाही. निकेल सिल्व्हरचा जोड बसतानाही घट्ट आणि निघतानाही सुखाने निघतो. ज्याने कोणी ती घडवली त्याला माझा नमस्कार कळवावा. तक्रार आहे ती रिळाची, आणि त्याहून जास्त, ते रीळ या रॉडच्या गळ्यात बांधण्याची.

खोके उघडून रीळ हातात घेतले तेव्हाच शंका आली. गल्लीतल्या सराफाच्या काट्यावर दोन्ही वस्तू ठेवल्या. रॉड भरला ५८ ग्रॅम, रीळ रिकामे असताना १८६ ग्रॅम. म्हणजे काठीच्या तिपटीहून जड. तांब्यावर घागरीचे झाकण ठेवावे तसा हा प्रकार आहे.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा पहिले उत्तर मिळाले की या रिळावर ३ ते ६ नंबरची दोरी चालते, तेव्हा ते ३ नंबरच्या रॉडला चालतेच. दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रतिनिधीने सांगितले की बांबूचे रॉड जड असतात, म्हणून त्यांना जड रीळच लागते. दोघेही सभ्यपणे बोलले, त्याबद्दल प्रश्न नाही. पण दोन्ही उत्तरे या रॉडला लागू पडत नाहीत, आणि का पडत नाहीत ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या रॉड-रीळ जुळणीच्या तक्त्यात हीच चूक आहे आणि तो तक्ता बघून माझ्यासारखे आणखीही लोक खरेदी करत असणार.

पहिले नंबराचे. फ्लायच्या दोरीचा नंबर तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ३ नंबर म्हणजे १०० ग्रेन, साधारण साडेसहा ग्रॅम. ६ नंबर म्हणजे १६० ग्रेन, दहा ग्रॅमच्या थोडे वर. रॉडवर हा नंबर लिहिलेला असला की तेवढ्या वजनाने काठी नीट वाकते, असा अर्थ. रिळावर तोच नंबर असला की तेवढी दोरी आणि तिच्यामागचे बॅकिंग, म्हणजे मागे जोडलेली पातळ दोरी, स्पूलवर (रिळाच्या फिरत्या चकतीवर) मावते, इतकाच अर्थ. मावणे आणि शोभणे यांत फरक आहे. रिळाचा नंबर हा जागेचा हिशेब आहे. त्यावरून रीळ हातात कसे लागेल हे कळत नाही, काठीचा तोल कुठे जाईल हेही कळत नाही.

आता जड रिळाचे. साडेआठ किंवा नऊ फुटी बांबूचा रॉड असेल तर आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे बरोबर आहे. बांबू हा ग्राफाइटपेक्षा जड, काठी लांब, शेंडा दूर. मुठीपासून इतक्या अंतरावर थोडे वजन असले तरी मनगटाला ओढ बसते, म्हणून मागे वजनदार रीळ लावून ती ओढ कमी करतात. पण सहा फुटी रॉडला मुळात ओढच नसते. शेंडा जवळ, काठी पातळ, सगळे मिळून ५८ ग्रॅम. तिथे मागे १८६ ग्रॅम लावले की काठी पुढे न झुकता मागे कलते आणि शेंडा आभाळाकडे बघत राहतो.

हे नुसते मत आहे असे वाटू नये म्हणून करून पाहिले. आपल्या सूचनेप्रमाणे ३ नंबरची दोरी आणि शंभर मीटर बॅकिंग भरले. (स्पूल मोठे, त्यामुळे कमी बॅकिंग भरले तर दोरी आत छोट्या वेटोळ्यांत बसते आणि पाण्यावर स्प्रिंगसारखी पडते. जास्त भरले तर रीळ आणखी जड होते. इकडे आड तिकडे विहीर.) मग रॉड एका बोटावर तोलला. या रॉडची कॉर्कची मूठ १४ सेंटिमीटर आहे. तोल आला तो मुठीच्या मध्याच्याही मागे, मधल्या बोटाकडून करंगळीकडे सरकलेला. फेकताना तर्जनी आणि अंगठा जिथे असतात तिथे काही जाणवतच नाही. मनगट मागे नेले की रीळ मागे जाते, पुढे आणले की रीळ पुढे यायला कुरकुर करते, आणि शेंड्यात दोरीचे वजन कधी भरले ते हाताला कळत नाही. बांबू घेण्यात सगळी गंमत असते ती याच कळण्याची. बांबू सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो, आणि ते हाताला सांगत असतो. ग्राफाइटचा रॉड यापेक्षा स्वस्त आणि हलका मिळाला असता, तरी मी बांबू घेतला तो यासाठीच.

पुढे रीळ काढून टाकले आणि त्याच्या जागी कापडाच्या पिशवीत सराफाची वजने घालून बांधली. थोडी थोडी वाढवत गेलो. साधारण ११० ग्रॅमला तोल मुठीच्या पुढच्या कडेशी, तर्जनीखाली आला. त्यातून दोरी आणि माफक बॅकिंगचे पंचवीस-तीस ग्रॅम वजा केले की रिळाला राहतात ८० ते ८५ ग्रॅम. हा आकडा मला कुठून तरी सुचला असे नाही. इंग्लंडच्या हार्डी कंपनीचे जुने ‘फेदरवेट’ रीळ साधारण ३ औंसांचे, म्हणजे ८५ ग्रॅमचे असते, आणि छोट्या बांबूच्या रॉडवर लोक ते आजही शोधून लावतात. मी तेच मागत नाही, त्याची किंमत मला ठाऊक आहे. पण त्या वजनाचे, अरुंद स्पूलचे, साधे खटक्याचे रीळ आपल्याच यादीत आहे. ते आपण ‘मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी’ या खान्यात टाकले आहे आणि बांबूसमोर जड डिस्क ड्रॅगचे, म्हणजे चकतीच्या ब्रेकचे, ठेवले आहे. हे ठेवणाऱ्याने दोन्ही एकत्र हातात धरून बघितले असतील असे वाटत नाही.

डिस्क ड्रॅगबद्दलही एक शब्द. मोठा मासा दोरी ओढत सुटतो तिथे तो लागतो. आमच्याकडे मलप्रभेच्या वरच्या अंगाला भीमगड अभयारण्याची हद्द लागते, तिथे गळ टाकण्याचा प्रश्नच येत नाही. खानापूरच्या खाली पात्र जिथे शेतांमधून जाते तिथे जांभळी, करंज आणि बांबूची बेटे दोन्ही काठांवरून आत झुकलेली असतात. नऊ फुटी रॉड मागे नेला की माशी झाडात. म्हणूनच सहा फुटी घेतला. मिळतात त्या तळहाताएवढ्या खवल्या, फार तर एखादी चिलापी. ती हातानेच दोरी ओढून काठाला आणायची, रिळाचे काम उरलेली दोरी नीट ठेवायचे. तिथे ट्रॅक्टर थांबवेल असा ब्रेक कशाला? उलट आपल्या रिळाचा ड्रॅग सुटताना पहिला हिसका देतो. त्याने पातळ टिपेट (माशीजवळचा शेवटचा बारीक धागा) तुटते किंवा बांबूच्या शेंड्याला वाक राहतो. हा वाक एकदा बसला की सरळ करणे सोपे नसते. (आमच्याकडची पोरे चिव्याच्या काठीला दोरी बांधून, रिळाशिवाय, माझ्या दुप्पट मासे काढतात, तो भाग वेगळा.)

रिळाच्या पायाचा, म्हणजे रॉडवर बसणाऱ्या त्याच्या पट्टीचा, मुद्दा याहून सरळ आहे, यात मतभेदालाही जागा नाही. या रॉडला स्क्रूचा रीळ सीट (रीळ आवळून धरणारी बैठक) नाही. अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, मागे एक टोपी आणि पुढून सरकणारे कडे, एवढेच आहे. वजन वाचवायला हलक्या बांबूला असेच करतात. रिळाचा पाय पातळ आणि नेमक्या लांबीचा असेल तरच हे धरते. आपल्या रिळाचा पाय जाड आणि टोकाला बोथट आहे. मागचे टोक टोपीत जाते, पण पुढच्या टोकावर कडे जेमतेम चार मिलिमीटर चढते. दहा-बारा वेळा दोरी फेकली की कडे सैल होते आणि रीळ लाकडावर डावी-उजवीकडे फिरू लागते. एकदा ते निसटून दगडावर पडले, कडेला चरा गेला आहे. तो मी लपवत नाही, फोटोत दिसेल.

यावर मला सांगण्यात आले की पाय कानशीने थोडा घासून घ्या, नाहीतर टेप गुंडाळा. सोबत आलेल्या वॉरंटी कार्डावर छापले आहे की वस्तूत कोणताही बदल केल्यास वॉरंटी रद्द. आता मी कोणाचे ऐकू? अक्रोडाच्या लाकडावर वायरमनची काळी टेप गुंडाळायची असती तर मी एवढे पैसे मोजलेच नसते.

जाता जाता बिलाचेही. मी पत्ता मराठीत लिहिला म्हणून आपल्या माणसाने राज्य ‘महाराष्ट्र’ टाकले असावे. पार्सल आधी कोल्हापूरला गेले आणि तिथून माघारी आले. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आणि बेळगाव कर्नाटकात आहे. यावर आमच्याकडे कितीही वाद असला तरी कुरिअरला आणि जीएसटीला तो चालत नाही. आपले दुकान महाराष्ट्रात, माल पोहोचला कर्नाटकात, म्हणजे बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) लागायला हवा. लागला आहे सीजीएसटी आणि एसजीएसटी, जे एकाच राज्यातल्या विक्रीला लागतात. मला त्यात एका रुपयाचा फरक पडत नाही, पण चुकीचे बिल घेऊन मी तक्रार पुढे नेऊ नये असे वाटत असेल तर ते दुरुस्त करून पाठवावे.

माझी मागणी अशी. हे रीळ आपण स्वखर्चाने परत घ्यावे. त्याऐवजी ९० ग्रॅमच्या आतले, खटक्याचे, सरकत्या कड्यात पूर्ण बसेल अशा पायाचे रीळ पाठवावे. पाठवण्याआधी ते याच प्रकारच्या रॉडवर लावून पाहावे, आणि कडे पायावर किती चढते याचा एक फोटो मला पाठवावा. ते रीळ स्वस्त असल्याने किमतीतला फरक परत करावा. असे रीळ देणे शक्य नसेल तर रिळाचे ११,४०० रुपये पूर्ण परत करावेत. रॉड मी ठेवणार आहे. सोबतच आपल्या जुळणीच्या तक्त्यात सात फुटांखालच्या बांबूच्या रॉडसमोर दोरीच्या नंबराबरोबर रिळाचे वजन आणि पायाचे माप लिहावे. निदान ‘खास जुळवलेले’ हे शब्द तरी काढावेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीत सांगितलेले गुण ज्या वस्तूत नाहीत ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. महिनाभरात काही झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. बेळगावला जाणे मला एका एसटीचे काम आहे. तरी ती वेळ येऊ नये, कारण आपल्याकडून दोऱ्या आणि माश्या पुढेही घ्यायच्या आहेत.

बिलाची प्रत, काट्यावरच्या वजनांचे, तोलाचे आणि कड्याचे फोटो सोबत जोडले आहेत. रीळ मूळ खोक्यात, दोरी काढून, बांधून ठेवले आहे. कुरिअरचा माणूस पाठवाल तेव्हा पत्त्यात राज्य कर्नाटक लिहावे, नाहीतर तो पुन्हा कोल्हापुरात मला शोधत बसेल.

आपला,
एक ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव