लेखनाचा भाव शब्दांवर नको, कामावर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या आम्हा लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एकाने जाहिरात टाकली : ‘मराठी कंटेंट रायटर पाहिजे. घरबसल्या काम. शब्दाला २० पैसे. आधी १,००० शब्दांचे ३ नमुना लेख पाठवावेत. पसंत पडल्यास काम मिळेल.’ खाली पटापट अंगठे पडले. नमुन्याचे पैसे देणार का, असं मी विचारलं. उत्तर आलं, ‘नमुन्याचे कसले पैसे?’ तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून हे पत्र.

हिशोब सोपा आहे. हजार शब्दांचे २०० रुपये. विषय समजून घ्यायचा, दोन-चार फोन करायचे, लिहायचं, तपासायचं, मग साहेबांच्या दुरुस्त्या. नीट केलं तर दिवस जातोच. माझ्या गाळ्यात पितळेचा चुरा झाडणाऱ्या पोऱ्याला २०० रुपये रोज देऊन बघा, दुसऱ्या दिवशी तो समोरच्या गाळ्यात दिसेल. आणि तरी तीन लेख फुकट मागायचे! तीस जणांनी नमुने पाठवले, तर साहेबांची वेबसाइट एक पैसा न देता भरून निघते. असं करणारे आहेत. नाहीत, असं कुणी मला सांगू नये.

मी लेखक नाही. फवारणी पंपाची नोझलं, म्हणजे फवारा सोडणारी तोंडं, बनवतो, पितळी आणि सिरॅमिक. गिऱ्हाईक नाशिक, सांगली, सोलापूरकडचे द्राक्ष-डाळिंबवाले. पूर्वी सगळा माल दुकानदारामार्फत जायचा. आता शेतकरी मोबाइलवर शोधतो, वाचतो आणि मग थेट आम्हाला फोन करतो. तो मराठीत शोधतो, म्हणून मराठी पानं हवीत, एवढं साधं कारण. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या इस्टेटीत कितीतरी जणांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले होते. त्यातल्या बहुतेकांच्या वेबसाइटवर मराठीची एक ओळ नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती २० पैशांत घेतली आहे.

पानं लिहून घ्यायला मी आधी नवी मुंबईतल्या एका एजन्सीकडे गेलो. नाव सांगत नाही. काचेचं ऑफिस, थंडगार एसी, लेखाला २,५०० रुपये, वीस लेखांचं पॅकेज. पहिला लेख आला. सुरुवात : ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात शेतीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ हेही चालवून घेतलं असतं. पण पुढे लिहिलं होतं, द्राक्षावर बुरशीनाशक फवारायला फ्लॅट फॅन नोझल सर्वोत्तम. अहो, फ्लॅट फॅनचा फवारा पंख्यासारखा चपटा पडतो. ते नोझल मुख्यतः तणनाशकाचं, जमिनीवर सारखा पट्टा मारायला. बुरशीनाशक पानाच्या वरून-खालून, घडाच्या आत पोचायला हवं. त्याला पोकळ शंकूसारखा बारीक फवारा देणारं हॉलो कोन लागतं. माझ्याच नावाखाली हे छापून आलं असतं आणि एखाद्याने त्याप्रमाणे फवारणी केली असती, तर डाऊनी (केवडा) रोगाने बाग घालवल्यावर त्याने शिव्या मलाच घातल्या असत्या. मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, ‘सर, कीवर्ड सगळे बसवलेत.’ म्हणजे लोक मोबाइलवर शोधताना टाकतात ते शब्द.

दोन दिवसांनी एका मुलीचा फोन आला. लेख तिनेच लिहिला होता, कळव्याला राहते. दुरुस्तीची मेल तिला पुढे ढकलली होती, आणि एजन्सीने गिऱ्हाइकाशी बोलायची मनाई केलेली असूनही तिने आमचा नंबर शोधून काढला होता. ‘काका, चूक काय झाली ते समजावून सांगाल का? मी नोझल हातात घेऊन कधी पाहिलेलं नाही.’ बोलता बोलता कळलं, तिला शब्दाला २५ पैसे मिळतात. ८०० शब्दांच्या त्या लेखाचे २०० रुपये. मी मोजले होते २,५००. मधले २,३०० कुठे गेले, ते त्या एसीला विचारा. आणि तिचे आधीच्या लेखांचे पैसेसुद्धा दोन महिने अडकलेले होते.

एजन्सीचं काम थांबवून हिशोब पुरा केला आणि तिला थेट बोलावलं. आली, ती आधी टेस्टिंगच्या टेबलापाशी उभी राहिली. आम्ही तिथे नोझलमधून एका ठरावीक दाबाने पाणी सोडतो आणि एक मिनिट मापाच्या भांड्यात धरतो. नवं नोझल आणि वापरलेलं नोझल शेजारी शेजारी लावून तिला दाखवलं. वापरलेल्याची पातळी भांड्यात वर गेली. औषधाची भुकटी घासून घासून पितळेचं भोक मोठं होतं, डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी जास्त जातं. नव्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त गेलं की नोझल बदलायचं, हा या धंद्यातला रूढ नियम. सिरॅमिक महाग, पण झिजतं हळू. तिने विचारलं, ‘हे शेतकऱ्याला बांधावर करता येईल?’ येतं की! मोबाइलचं घड्याळ आणि मापाचं भांडं एवढंच लागतं. माझ्या पत्रकात इतकी वर्षं ‘उत्कृष्ट दर्जा, माफक दर’ छापलेलं होतं. तिने पहिल्या पानावर ही एका मिनिटाची चाचणी घातली आणि आमची ‘परंपरा’ तळाला नेऊन ठेवली. निफाडकडच्या एका बागायतदाराने ते वाचून फोन केला, अमुक इतकं पाणी जास्त पडतंय, आता काय घेऊ? असा फोन मला कुठल्याही जाहिरातीने आणून दिला नव्हता.

आता भावाचं. तिने एका कागदावर लिहून दिलं : कारखान्यात अर्धा दिवस, दोन शेतकऱ्यांशी फोन, चार पानं, एक पत्रक, दोनदा दुरुस्ती. सगळ्याचे मिळून १८,००० रुपये, निम्मे आधी. शब्द किती, ते कुठेच नव्हतं. मी सवयीने घासाघीस केली. ती म्हणाली, ‘काका, पैसे कमी करायचे तर एक पान कमी करू. चार पानं कमी पैशांत नाही होणार.’ मला हसू आलं, कारण मी माझ्या गिऱ्हाइकाला हेच सांगतो. जॉबचा, म्हणजे मशीनवर करून द्यायच्या सुट्या भागाचा, भाव कुणी वजनावर लावत नाही. ड्रॉइंग बघतो, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, बघतो, मशीनच्या सेटिंगला किती वेळ जाईल ते बघतो. भाव कमी हवा तर टॉलरन्स ढिला करा म्हणतो. लेखनात हे सेटिंग म्हणजे लिहिण्याआधीची सगळी खटपट, आणि शब्दांच्या हिशोबात तिचा एक पैसाही धरलेला नसतो. उलट, शब्दावर पैसे दिले की माणूस शब्द वाढवणारच. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ येतं ते तिथून. पाच शब्दांत सांगून होणारी गोष्ट त्याने पन्नास शब्दांत सांगितली, तर दोष त्याचा नाही, दर ठरवणाऱ्याचा आहे.

मराठी लिहिणाऱ्याचं या मोजणीत आणखी एक नुकसान होतं. इंग्रजीत ‘फ्रॉम द सर्व्हिस सेंटर इन ठाणे’ हे सहा शब्द झाले. आपण ‘ठाण्यातल्या सेवाकेंद्रातून’ लिहिलं की दोन. प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत मावतो. त्यात मराठीचा दर इंग्रजीपेक्षा आधीच कमी. म्हणजे काम तेवढंच, मोजणी कमी आणि दरही कमी.

आमच्यातले काही म्हणतात, आता चॅटजीपीटी फुकटात लिहून देतं, माणूस कशाला? खुशाल वापरा. मीही पत्रव्यवहाराला वापरतो. पण माझ्या गाळ्यातलं कुठलं नोझल किती दाबाला किती पाणी देतं, हे मी सांगितल्याशिवाय त्याला कळायचं नाही. विचारलं तर आकडा मात्र ठोकून देईल. एजन्सीवाल्यांनी यातून नवाच दर काढलाय : मशीनचा मजकूर ‘फक्त तपासून द्या’, एकतृतीयांश पैशांत. ज्याने कुणी कधी दुसऱ्याचा बिघडलेला जॉब दुरुस्त केलाय, त्याला विचारा यात वेळ कमी लागतो की जास्त.

लिहिणारे सगळे धुतल्या तांदळाचे आहेत, असं मी म्हणत नाही. ‘हो सर, शेअर बाजारापासून शेतीपर्यंत सगळं लिहितो’ म्हणणारे भेटले. वायदा करून फोन बंद ठेवणारे भेटले. इकडचं-तिकडचं चिकटवून देणारेही भेटले. म्हणून परीक्षा घ्यावी, जरूर घ्यावी. पण छोटं काम द्यावं आणि पसंत पडो न पडो, त्याचे पैसे द्यावेत. सॅम्पल पीस नापास झाला तरी आम्ही लेथवरच्या टर्नरचा त्या दिवसाचा पगार कापतो का?

पैसे थकवण्याबद्दल तर आम्हा लघुउद्योजकांनी बोलूच नये. मोठ्या कंपन्या बिलं थकवतात म्हणून प्रत्येक सभेत गळा काढायचा, २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायदा तोंडपाठ म्हणून दाखवायचा, आणि त्या कळव्याच्या पोरीसारख्यांचे पैसे सहा-सहा महिने द्यायचे नाहीत. तो कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. लेखक, अनुवादक, डिझायनर यांनी सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करावी. ती फुकट असते, कुणा एजंटला हजार रुपये देऊ नयेत. नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवावी, पैसे अडकल्यावर नव्हे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं, तेव्हापासून अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. आमच्या सीएने हे मार्चमध्ये सांगितलं की आम्ही धावत सुटतो, पण फक्त पितळवाल्याची आणि प्लेटिंगवाल्याची बिलं भागवायला. लिहिणाऱ्याचं बिल कुणाच्या गावी नसतं.

कागद करणं आपल्याही फायद्याचं आहे, हे माझ्या बांधवांनी लक्षात घ्यावं. पैसे दिले म्हणजे मजकूर आपला झाला, हा समज खोटा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. बाहेरून काम करणाऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडे राहतो. तो आपल्याकडे घ्यायचा तर लेखी, त्याच्या सहीने घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. त्या एजन्सीने मला दिलेला एक लेख नंतर दुसऱ्या एका नोझलवाल्याच्या वेबसाइटवर जसाच्या तसा दिसला, फक्त कंपनीचं नाव बदललेलं. वकिलाकडे गेलो, तर त्याचा पहिलाच प्रश्न, ‘असाइनमेंटचा, म्हणजे हक्क लिहून दिल्याचा, कागद कुठाय?’ एजन्सीच्या बिलावर ‘कंटेंट सर्व्हिसेस’ एवढे दोनच शब्द होते.

आता मी एक पानी मराठी वर्क ऑर्डर करून घेतली आहे. काम काय, माहिती कोण देणार, दुरुस्त्या किती, निम्मे पैसे कधी, उरलेले किती दिवसांत, काम मध्येच थांबवलं तर किती द्यायचे, मजकुराचा हक्क कुणाकडे, आणि टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापला तर त्याचं प्रमाणपत्र कधी देणार. शेवटचं कलम त्या मुलीने घालायला लावलं. आधीच्या एकाने तिचे दहा टक्के कापले आणि भरलेच नव्हते. शब्दसंख्येचा रकाना त्यात ठेवलेला नाही.

आमच्या संघटनेच्या पुढच्या सभेत हा कागद सगळ्या सभासदांसाठी मंजूर करावा, असा ठराव मी मांडणार आहे. २० पैसेवाले गृहस्थही त्या सभेला असतील. तोवर कोरी प्रत संघटनेच्या ऑफिसात ठेवली आहे. मालक असो वा लिहिणारा, ज्याला हवी त्याने झेरॉक्स काढून घ्यावी. शुक्रवारी मात्र ऑफिस बंद असतं.

आपला,
एक लघुउद्योजक
वागळे इस्टेट, ठाणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)